सॅम्पल फ्लॅटला मामाचा आहेर

या मंडळी, असे पुढं सरका. खांबाला टेकून बसलेल्यांनी खांब सोडा, तो काही पडत नाही. टाळ जरा मांडीवर ठेवा. कीर्तन उभं राहायला वेळ आहे, बुवांचा चहा व्हायचाय, तेवढ्यात एक गोष्ट सांगून होते. गोष्ट आपल्याच शहरातली आहे, ताजी आहे. हिच्यात देव आहे, मामा आहे आणि एक हातोडी आहे. हातोडीपाशी आलो की हसा. त्याआधी हसलात तर मला पुढचं सांगता यायचं नाही.

मुकुंदवाडीच्या मागच्या अंगाला, गुंठेवारीतल्या एका गल्लीत गोकुळ पठाडे राहतो. शेंद्र्याला एका कंपनीत आहे. काम तपासणीचं. मशीनवरून उतरलेला नग मापायचा आणि केसभर फरक निघाला तरी त्याला लाल टॅग लावून बाजूला काढायचा. खिशात कायम टेप. घर म्हणजे दोन खोल्या, पुढं लांबलचक ओसरी, बाजूला भाड्यानं द्यायची पत्र्याची एक खोली, अंगणात तुळस. त्याच्या वडिलांनी हे घर जमेल तसं बांधलं. एका वर्षी भिंती झाल्या, पुढं कधीतरी स्लॅब पडला, आणि फरशी तर गोकुळच्या लग्नात बसली. वडील गेले तेव्हा घरावर कुणाचं काही देणं नव्हतं. आई द्वारकाबाई दर एकादशीला ओसरीवर भजन लावतात. गल्लीतल्या सगळ्या बाया येतात, बसतात, शेंगदाण्याची आमटी आणि भगर खाऊन जातात. बायको तनुजा कामाला खमकी आणि बोलायला त्याहून. सगळं सुखात चाललं होतं, आणि सुखात चाललेल्या संसारात देव अधूनमधून एक साडू पाठवतो.

साडूचं नाव ऋतुराज. तनुजाच्या धाकट्या बहिणीचा, राजनंदिनीचा नवरा. त्यानं बीड बायपासला सातव्या मजल्यावर फ्लॅट घेतला, थाटात वास्तुशांती केली, आणि जेवणं झाल्यावर गोकुळला गॅलरीत नेऊन खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "भाऊ, राग नका मानू. पण पत्र्याखाली अजून किती दिवस?"

"पत्रे नुसते बाजूच्या खोलीवर हायेत," गोकुळ म्हणाला. "घरावर स्लॅब हाय."

"तेच ते," ऋतुराज म्हणाला.

झालं. ते 'तेच ते' गोकुळच्या कानात जे शिरलं ते निघेना. पुढच्याच रविवारी त्यानं तनुजाला गाडीवर बसवलं आणि जालना रोडला आतल्या बाजूला 'मेघडंबरी' नावाची इमारत होणार होती, ती बघायला नेलं. इमारतीच्या जागी अजून नुसता खड्डा होता. खड्ड्याच्या कडेला गिऱ्हाइकांना दाखवायला शेडमध्ये दोन नमुन्याची घरं सजवून ठेवली होती. त्यांना सॅम्पल फ्लॅट म्हणतात. तिथं रूपाली नावाची एक तरतरीत मुलगी होती. तिनं दार उघडलं आणि गोकुळ जणू गाभाऱ्यात शिरला.

पांढराशुभ्र सोफा, त्याच्यामागं भिंतीवर सोनेरी अक्षरांत 'मेघडंबरी'. भिंतभर टीव्ही. खिडकीबाहेर निळाशार समुद्र. आपल्याकडं समुद्र नाही हे गोकुळला माहीत आहे, पण त्या दिवशी ते त्याला आठवलं नाही. चित्र होतं ते, काचेमागं लावलेलं. खिशातला टेप खिशातच राहिला. आठवडाभर मापं घेणारा माणूस सुटीच्या दिवशी नुसता डोळ्यांनी बघतो.

"सर, बसा ना. मी फोटो काढते," रूपाली म्हणाली.

गोकुळ सोफ्यावर पायावर पाय टाकून बसला. तनुजा बाजूला उभी राहिली, दवाखान्यात उभं राहतात तशी. मग रूपालीनं हप्ता सांगितला. तनुजानं नुसतं छताकडं पाहिलं.

परत येताना ती गाडीवर मागून म्हणाली, "अहो, हप्ता गेल्यावर पगारात एकतर किराणा बसंल, नाहीतर दळण. मग काय लिफ्टमधून वर-खाली करत बसायचं दिवसभर? तेवढीच भूक विसरंल."

"कोण घ्यायलंय लगेच. बघायला काय जातंय," गोकुळ म्हणाला.

आणि इथं त्यानं ती चूक केली. त्यानं ठरवलं, घ्यायचं का नाही ते नंतर, आधी ऋतुराजला हा फोटो दिसू दे. फोनवर स्टेटस ठेवताना कुणाला दाखवायचं ते हल्ली निवडता येतं. गोकुळनं यादीत ऋतुराजचं नाव शोधलं, त्याच्यापुढं खूण केली, फोटोवर लिहिलं 'नवीन घर. देवाची कृपा', आणि समाधानानं झोपला.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या गेटवर सुरक्षावाल्यानं सलाम ठोकला. "मुबारक हो गोकुळभाऊ. पेढे किधर?" आत गेला तर सुपरवायझरनं पाठ थोपटली. लाइनवरची पोरं गोळा झाली. काहीतरी चुकलं होतं, फोटो सगळ्या दुनियेला गेला होता. गोकुळनं तो घाईघाईनं काढला, पण लोकांच्या डोळ्यांतून कसा काढणार? त्यात सुपरवायझर म्हणाला, "आपल्या खात्यात हातावर पोट असून मेघडंबरीत घर घेणारा तू पहिला. मान उंच केलीस." आता या माणसाला, घेतलं नाही, नुसता सोफ्यावर बसलो होतो, हे कसं सांगायचं? गोकुळनं दुपारी पेढे आणले. आणि मंडळी, माणूस एकदा पेढे वाटून बसला की ते खरं करायच्या मागं लागतो. संध्याकाळी घरी जाताना त्याच्या मनानं घेतलं होतं की आता फ्लॅट घ्यायलाच पाहिजे.

शेजारी आप्पासाहेब कधीचे मागं लागले होते, गोकुळचं घर पाडून आपल्या प्लॉटला जोडायला. त्यांना गोकुळनं गल्लीच्या तोंडाशी गाठलं. "रविवारी संध्याकाळी या. पक्कं सांगतो." आणि रूपालीला फोनवर सांगितलं, "रविवारी टोकनचे पैसे घेऊन येतो."

"आईंना सांगितलं का?" तनुजानं विचारलं.

"एकदा आत नेऊन सोफ्यावर बसवतो. मग सांगतो."

"फोटो काढू नका फक्त," तनुजा म्हणाली.

आता तुम्ही जरा लासूर स्टेशनला चला. तिथं अडत दुकानाच्या गादीवर काकासाहेब बसलेले आहेत. काकासाहेब म्हणजे द्वारकाबाईंचे भाऊ, गोकुळचे मामा. स्टेशनच्या भजनी मंडळाची वीणा त्यांच्या गळ्यात. आवाज असा, की तिकडं त्यांनी गजर धरला की मालगाडीच्या गार्डनंही हात जोडावेत. सोमवारी सकाळी चहाचा घोट घेता घेता त्यांनी फोन उघडला आणि चहा मिशीतच राहिला.

"पाहिलं का," ते बायकोला, पारूबाईंना म्हणाले. "भाच्यानं घर घेतलं, वास्तुशांत केली, अन् मामाला पत्ता नाय."

पारूबाईंनी चष्मा लावून फोटो पाहिला. "ह्यात होम कुठं दिसतोय?"

"होम आटपूनच बसला आसंल ना सोफ्यावर. होमाच्या आधी सोफ्यावर कोन बसतं?"

पारूबाईंनी चष्मा काढून ठेवला. आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. बहिणीच्या घराची वास्तुशांती भावाच्या आहेराशिवाय पुरी होत नाही. मामानं लुगडं नेसवल्याशिवाय ती माउली त्या घरात पाणी पीत नाही. तिथं मामालाच बोलावणं नाही म्हणजे नाक कापल्यात जमा. तरी शहानिशा करावी म्हणून त्यांनी बहिणीला फोन लावला.

"अक्का, कशी हायेस?"

"बरी हाय."

"काय नवीन?"

"काय नवीन आसनार बाबा. तुळशीला मंजिऱ्या आल्यात."

"आनखी?"

"आनखी काय. पानी आलं काल, आठ दिसांनी."

काकासाहेबांनी फोन ठेवला. "अक्कासुदिक लपवती माझ्यापासून," ते म्हणाले, आणि दिवसभर दुकानात कुणाशी बोलले नाहीत. रात्री जेवताना मात्र त्यांनी निकाल दिला. "त्यांनी बोलावलं नाय, ती त्यांची चूक. म्या गेलो नाय, तर ती माझी चूक व्हईल. रविवारी निघायचं. भजनी मंडळ सोबत घ्यायचं. नुसता आहेर नाय करायचा, असा करायचा की पोराला आयुष्यभर लाज वाटली पाहिजे."

रविवारी एका जीपमध्ये मावतील तेवढे आणि टपावर मावतील तेवढे असं भजनी मंडळ निघालं. वाटेत शहागंजात जीप थांबली. काकासाहेबांनी बहिणीला हिरवं लुगडं घेतलं, सुनेला साडी, भाच्याला टोपी-उपरणं, तांब्याचा एक हंडा, आणि विठ्ठल-रखुमाईची दाराएवढी तसबीर. तसबीर लावायला जागेवर खिळा मिळेल न मिळेल म्हणून खिळे आणि हातोडीही घेतली. काकासाहेब दूरदृष्टीचे आहेत.

इकडं गोकुळ आईला आणि तनुजाला रिक्षातून घेऊन मेघडंबरीला पोचला होता. 'तुला एक ठिकाण दाखवतो' एवढंच त्यानं सांगितल्यामुळं द्वारकाबाई नारळ आणि उदबत्ती घेऊन आल्या होत्या. पायातल्या चपला त्यांनी दाराबाहेरच काढल्या. आत आल्यावर चौफेर बघितलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "देव कुठंय?"

"आई, बस ना सोफ्यावर."

"कुनाचं घर हाय हे?"

गोकुळ तोंड उघडणार, तेवढ्यात बाहेर जीप थांबली आणि मृदंगावर थाप पडली. दारात काकासाहेब उभे. डोळ्यांत पाणी, गळ्यात वीणा.

"गोकुळ," ते म्हणाले, "मामाला इसरलास, हरकत नाय. मामा नाय इसरला."

द्वारकाबाई भावाकडं बघत राहिल्या. "काका, तू हिकडं कसा?"

"पत्ता फोटोत होता," काकासाहेब म्हणाले. "भिंतीवर नाव लिव्हलेलं. तू नाय सांगितलास तरी." आणि मागं वळून त्यांनी मंडळींना सांगितलं, "या आत. आपलंच घर हाय."

तनुजानं नवऱ्याकडं पाहिलं. ती काही बोलली नाही. मंडळी, बायको काही बोलत नाही त्या वेळी नवऱ्याला बरंच ऐकू येतं.

रूपाली धावत आली. गोकुळनं तिला कोपऱ्यात घेतलं. "मॅडम, गावाकडची माणसं आहेत. एक अर्धा तास. मी सांगतो त्यांना."

"सर, टोकन आणलंय ना?"

"आणलंय."

"मग बसू द्या," रूपाली म्हणाली. तिला वाटलं, एवढा परिवार बघायला आलाय म्हणजे सौदा पक्का आहे. आणि ती शेजारच्या छोट्या सॅम्पलमध्ये दुसरं गिऱ्हाईक दाखवायला गेली.

पारूबाईंनी लासूरहून दुधाची चरवी आणली होती. नव्या घरात दूध उतू घालायचं म्हणून त्या थेट ओट्यापाशी गेल्या. शेगडी चकचकीत होती. बटण फिरवलं, काही नाही. खाली वाकून बघितलं तर सिलिंडर नाही.

"गॅस संपला का गं?" त्यांनी तनुजाला विचारलं.

"आलेलाच नाही, मामी," तनुजा म्हणाली. तिनं ठरवलं होतं की खोटं बोलायचं नाही आणि जास्तीचं खरंही नाही.

नळ फिरवला, तो कोरडा. पण त्याचं पारूबाईंना काहीच वाटलं नाही. "आज तुमच्याकडं पान्याचा वार नाय वाटतं," त्या म्हणाल्या आणि चरवी घेऊन बाहेर गेल्या. खड्ड्याच्या कडेला वॉचमनच्या बायकोची चूल पेटलेली होती. तिथं दूध तापलं, फुगलं आणि नेमकं पूर्वेकडून उतू गेलं. "लई शुभ हाय घर," पारूबाईंनी आत येऊन सांगितलं.

मृदंगवाले सर्जेराव अंगानं उंच माणूस. टपावरून आल्यामुळं त्यांची कंबर आखडली होती. ते आतल्या खोलीत पलंगावर जरा आडवे झाले, तर पाय पोटरीपासून पुढं हवेत. "ह्यो पलंग लेकराचा हाय का?" त्यांनी आतून विचारलं. कुणी सांगितलं, दोन उशा आहेत म्हणजे नवरा-बायकोचा आहे. सर्जेराव विचारात पडले. "मग गोकुळ पाय कुठं ठिवतो?" कुणीतरी टीव्ही लावायला गेलं, तर तो पुठ्ठ्याचा. कपाटातली पुस्तकंही नुसत्या पाठीच्या पट्ट्या. पण पाहुण्यांनी यजमानाच्या घराला नावं ठेवू नयेत म्हणून सगळे गप्प बसले, आणि त्या गप्प बसण्यानं गोकुळ घामाघूम झाला.

"चला, गजर धरू," काकासाहेब म्हणाले.

मंडळी बसायला लागली, तर बैठकीच्या खोलीत वीणा, मृदंग आणि पुढचे चार-सहाजण बसले की दार बंद होईना. उरलेले आतल्या खोलीत बसले. त्यातून उरलेले ओट्याच्या खाली, आणि शेवटचे दोघं न्हाणीघरात, टाळ घेऊन. काकासाहेबांनी बाहेर 'विठ्ठल' म्हणावं, आतल्या खोलीतून 'विठ्ठल' यावं, आणि दोघंही थांबले की न्हाणीघरातून सावकाश 'विठ्ठल' यावं. ताल काही जमेना.

द्वारकाबाई सोफ्याच्या कडेला हात जोडून बसल्या होत्या. "आपल्या ओसरीवर एका आवाजात व्हतं," त्या कुणाला न सांगता म्हणाल्या.

भजनाचा आवाज ऐकून जालना रोडवरनं जाणाऱ्यांनी गाड्या थांबवल्या. वास्तुशांती चाललीय म्हणजे ताबा मिळायला लागला, असं एकानं दुसऱ्याला सांगितलं. शेजारच्या सॅम्पलमध्ये गर्दी वाढली. रूपाली तिथं खुशीत सांगत होती, "कामाचा दर्जा बघा मॅडम. या भिंतीला हात लावून बघा, एकदम मजबूत."

आणि आता, मंडळी, आली हातोडी.

अलीकडच्या बाजूला, त्याच भिंतीवर काकासाहेबांनी तसबिरीसाठी जागा हेरली. "मामा, राहू द्या, मी नंतर लावतो," गोकुळ त्यांच्या हाताला धरत म्हणाला. "देवाला नंतर म्हनू नये," म्हणत काकासाहेबांनी खिळा धरला, विठ्ठलाचं नाव घेतलं आणि खळ्यात खुंटा ठोकावा तशी हातोडी हाणली. भिंत पुठ्ठ्यासारख्या पातळ फळ्यांची होती. खिळा गेला. खिळ्यामागं हातोडी गेली. हातोडीमागं काकासाहेबांचा हात कोपरापर्यंत गेला. त्यांनी हात परत ओढला, तो रिकामा.

भजन थांबलं. न्हाणीघरातून एकदा सावकाश 'विठ्ठल' आलं आणि तेही थांबलं. मग भिंतीतल्या भोकातून एका बाईचा हात हातोडी घेऊन बाहेर आला.

"काका, ही तुमची का?"

"व्हय," काकासाहेब म्हणाले. "आभारी हाय."

रूपाली आत आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. "काका, काय केलंत हे? हे घर नाहीये, सॅम्पल आहे. दाखवायचं घर. इमारत झाली की हे पाडणार आहोत आम्ही."

"मग गोकुळचं घर कुठंय?"

रूपालीनं सगळ्यांना बाहेर आणलं आणि खड्ड्याच्या वर, आभाळात बोट दाखवलं. "ते तिथं. नववा मजला."

सगळ्या टोप्या वर झाल्या. सर्जेरावांनी डोळ्यांवर हात धरून नीट पाहिलं. "तिथं घार हाय," ते म्हणाले.

काकासाहेब लुगड्याची घडी हातात धरून उभे होते. "म्हंजे म्या आहेर हवेला करायचा?" त्यांनी गोकुळला विचारलं.

मग गोकुळनं सगळं सांगितलं. साडू, फोटो, पेढे, सगळं. मान खाली घालून सांगितलं. काकासाहेबांचा राग कुठच्या कुठं गेला, कारण वास्तुशांतच झाली नव्हती तर अपमान कसला? पण द्वारकाबाईंनी एकच विचारलं.

"अन् हे घ्यायचं कशातून?"

तनुजानं नवऱ्याला कोपरानं ढोसलं.

"आपलं घर देऊन," गोकुळ म्हणाला. "आप्पासाहेब संध्याकाळी यायचेत."

द्वारकाबाई रागावल्या नाहीत, की रडल्या नाहीत. हातातला नारळ त्यांनी या हातातून त्या हातात घेतला. "बरं," त्या म्हणाल्या. "तू म्हनशील तसं. मला येवढं सांग, एकादशीला आमी बसायचं कुठं? न्हानीत बसनारीला वाईट वाटंल, म्हनून आधी ठरवून ठिवावं."

गोकुळ पाठ फिरवून आत गेला. आत जाऊन पलंगाकडं बघत उभा राहिला, आणि सवयीनं त्याचा हात खिशात गेला. टेप निघाला. पलंग मापला. मग सोफा, टेबल, कपाट. खोली मोठी दिसावी म्हणून तिथलं सगळं लाकूडकाम जरा जरा आखूड केलेलं होतं. तनुजा दारात उभी राहून बघत होती.

"कंपनीत हा नग आला असता तर काय केलं असतं?" तिनं विचारलं.

"लाल टॅग लावला असता."

"मग लावा की. तिथं केसभर चालत नाही, इथं हातभर चाललंय."

गोकुळनं टेप गुंडाळला. बाहेर येऊन रूपालीपुढं हात जोडले. "मॅडम, टोकन राहू द्या. भिंतीचं काय होईल ते मी भरून देतो. घर आम्हाला आहे."

रूपाली काही बोलणार तोच छोट्या सॅम्पलमधून दोन कुटुंबं बाहेर आली. 'देवाच्या नामानं सुरुवात झालेली जागा' म्हणून दोघांनाही आजच नाव नोंदवायचं होतं. रूपालीनं भोकाकडं पाहिलं, गर्दीकडं पाहिलं, आणि काकासाहेबांच्या जवळ जाऊन हळूच विचारलं, "काका, दर रविवारी जमेल का? जीपचं भाडं आम्ही देऊ. फक्त हातोडी आणायची नाही."

"आमी भजन इकत नाय, पोरी," काकासाहेब म्हणाले. मग त्यांना तिची दया आली. "तू राहती कुठं?"

"चिकलठाण्याला. मैत्रिणींबरोबर खोली केलीय."

"ह्यात का नाय घेत?"

रूपाली हसली. "मला परवडत नाही, काका."

जीप आणि रिक्षा मुकुंदवाडीला वळल्या. ओसरीवर आप्पासाहेब आधीच येऊन बसले होते, नवं धोतर नेसून. काकासाहेबांनी पायरीवर पाय ठेवला आणि थबकले.

"अक्का, ह्या घराची वास्तुशांत कवा झाली व्हती?"

"झालीच न्हाई," द्वारकाबाई म्हणाल्या. "भिंती झाल्या तसे ऱ्हायला आलो. पैसा कुठं व्हता. पुढच्या साली करू, पुढच्या साली करू म्हनत हे गेले."

"म्हंजे माझा आहेर राह्यलाय," काकासाहेब म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

मग काय. गल्लीतल्या गुरुजींना बोलावलं. चरवीत उरलेलं दूध ओट्यावरच्या खऱ्या शेगडीवर पुन्हा उतू घातलं. ह्या वेळी ते पश्चिमेला गेलं, पण पारूबाईंनी ते कुणाला सांगितलं नाही. द्वारकाबाई हिरवं लुगडं नेसून आल्या तेव्हा नव्या नवरीसारख्या लाजत होत्या. काकासाहेबांनी तसबिरीसाठी ओसरीच्या भिंतीवर खिळा धरला. पहिला वाकला. दुसरा वाकला. तिसराही वाकला, तेव्हा काकासाहेबांनी भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "दाजींनी लई इमानानं बांधलंय." तसबीर शेवटी भिंतीला टेकवून ठेवली. भजनी मंडळ, गल्लीतल्या बाया, जीपचा ड्रायव्हर, सगळे ओसरीवर बसले, आणि विठ्ठल एका आवाजात म्हटला गेला. आप्पासाहेब मध्येच सापडले होते. त्यांच्या हातात कुणीतरी टाळ दिला. दोन गजर झाल्यावर त्यांनी गोकुळला खुणेनं विचारलं, घराचं काय? गोकुळनं खुणेनंच सांगितलं, वाजवा.

पंगत बसली आणि गोकुळचा फोन वाजला. ऋतुराज. गोकुळचा घास हातातच राहिला. आठवडाभर साडू फोटोबद्दल काहीच बोलला नव्हता, म्हणजे चांगलं साठवून ठेवलं असणार. त्यानं बाजूला जाऊन फोन घेतला.

"भाऊ, कसे आहात? काय नवीन?" ऋतुराज म्हणाला.

"तू... फोटो पाहिला असशील ना?"

"कसला फोटो? मला तर तुमचा काहीच दिसला नाही."

गोकुळनं फोन तसाच धरून आठवून पाहिलं. खूण ऋतुराजच्याच नावावर केली होती. पण तिथं दोन सोयी असतात. एक, 'फक्त यांना दाखवा'. दुसरी, 'यांना सोडून सगळ्यांना दाखवा'. आता त्याला कळलं की आपलं बोट कोणत्या सोयीवर पडलं होतं.

"नाही, काही नाही," गोकुळ म्हणाला. "बोल."

पलीकडं ऋतुराज घुटमळला. "भाऊ, कुणाला बोलू नका. हप्ता काही झेपत नाहीये. राजनंदिनी म्हणते, फ्लॅट भाड्यानं देऊ, त्या भाड्यात हप्ता जाईल, अन् आपण कुठंतरी लहान जागा बघू. तुमची ती पत्र्याची खोली... रिकामी आहे का?"

तनुजा वाढता वाढता थांबून बघत होती. गोकुळनं ओसरीकडं पाहिलं, वाकलेल्या खिळ्यांकडं पाहिलं. मग त्यानं अगदी सरळ मनानं, देवाशपथ सरळ मनानं विचारलं, "आहे की. किती दिवस?"

पलीकडं ऋतुराजला आपलीच गॅलरी आठवली असावी.

"हप्ते फिटेपर्यंत," ऋतुराज म्हणाला.

तर मंडळी, तो बघा बुवांचा चहा झाला, वीणा हातात आली. तुम्ही सगळे आता टाळ घ्याल, नाम घ्याल. स्वतःसाठी मागून झालं की शेवटी त्या ऋतुराजचीही आठवण ठेवा. पोरगा वाईट नाही. पत्र्याच्या खोलीत आता रमलाय, एकादशीला टाळ धरायलाही शिकलाय, पण हप्ते लई लांब आहेत अजून. त्याच्यासाठी एक टाळी जास्त वाजवा. आणि तो तिकडं तिसऱ्या ओळीत, निळ्या सदऱ्यात बसलाय, त्याला फोटोचं तेवढं कुणी सांगू नका.